‘बारसं’ बंद करायचंय, पण विषय काढायचा कसा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

मी टीवायला आहे. यंदा आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाची सचिव झाले. ऑडिशन होऊन नवी मुलं घेतली की पहिल्या मोठ्या तालमीच्या रात्री आमच्याकडे ‘बारसं’ होतं. हॉलमधले दिवे घालवतात, नव्या मुलांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करतात, त्यांना ओळीत उभं करतात आणि प्रत्येकाचं नाव ठेवतात. रंगावरून, अंगावरून, गावाकडच्या बोलण्यावरून. वर्षभर त्याच नावानं हाक मारायची. मग पहाटेपर्यंत सिनियर सांगतील ते करायचं. पास होऊन गेलेले जुने मेंबरही त्या रात्री मुद्दाम येतात. दोन वर्षांपूर्वी माझं बारसं झालं, मागच्या वर्षी मी स्वतः दोघांची नावं ठेवली. त्यातल्या एका मुलाचं त्याच्या गावाकडच्या बोलण्यावरून. तो आठ दिवसांत यायचा बंद झाला. पुढे कुणी विषय काढला नाही. यंदाचं बारसं तीन आठवड्यांवर आलंय आणि मला ते नको आहे. कोअर टीममध्ये हळूच बोलून पाहिलं, तर उत्तर आलं, ‘मारहाण नाही, जबरदस्ती नाही, याला रॅगिंग म्हणत नाहीत. आणि याच्याशिवाय टीम बांधली जात नाही.’ तक्रार केली तर मंडळच बंद पडेल अशी भीती वाटते. दोन महिन्यांवर एकांकिका स्पर्धा आहे. चर्चा सुरू करायची तर कशी? आणि जिनं स्वतः नावं ठेवली, तिला बोलायचा हक्क तरी आहे का?

उत्तर

तुझ्या पत्रात त्या मुलाला तीन छोटी वाक्यं मिळाली आहेत आणि स्पर्धेला एक. तरीही पत्र लिहायला तुला त्या मुलानंच बसवलं असं मला वाटतं. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू. त्याचं बोलणं गावाकडचं होतं, त्यावरून त्याचं नाव पडलं आणि ज्या ठिकाणी त्याला मोठ्यानं बोलायला शिकायचं होतं तिथे तो आठवड्याभरात गप्प झाला. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. तुमच्या हॉलमध्ये तो अनुस्वार त्या रात्री पडतो आणि वर्षभर राहतो.

आता ‘याला रॅगिंग म्हणत नाहीत’ हे वाक्य. ते पहिल्यांदा बाजूला करायला हवं, कारण तुझी सगळी चर्चा त्याच्यावर अडकणार आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगला मनाई करणारा कायदा आहे. त्यातली व्याख्या तुझ्या मित्रांना वाटते त्यापेक्षा फार रुंद आहे. ज्या वागण्यामुळे विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते किंवा होऊ शकते, त्याच्या मनात भीती, लाज किंवा संकोच निर्माण होतो, ते रॅगिंग. चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, अंगावर येणारी थट्टा त्यात नाव घेऊन आहे. आणि एरवी जे काम तो विद्यार्थी आपखुशीनं करणार नाही ते त्याला करायला सांगणं, हेही त्यात आहे. ‘सांगणं’ हा शब्द नीट वाच. मारहाणीची अट नाही, जबरदस्तीची नाही. हे कॉलेजच्या आवारात घडलं काय किंवा बाहेर घडलं काय, दोन्ही सारखंच. रॅगिंग करणाऱ्याला, त्यात भाग घेणाऱ्याला आणि त्याला चिथावणी किंवा साथ देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजमधून काढतात आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही.

याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम देशभर लागू आहेत. २०१६ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली आणि रंग, जात, धर्म, लिंग, दिसणं, प्रांत, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती अशा कारणांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ स्पष्ट शब्दांत रॅगिंगमध्ये आला. रंगावरून, अंगावरून, बोलण्यावरून ठेवलेली तुमची नावं या यादीशेजारी मांडून बघ.

हे सगळं तुला माहीत असायला हवं. पण चर्चेची सुरुवात यानं करू नकोस. कायद्याचं कलम ऐकलं की माणूस स्वतःला आरोपी समजायला लागतो आणि आरोपी स्वतःचा बचाव करतो, विचार करत नाही. ‘रॅगिंग’ हा शब्दसुद्धा पहिल्या दोन भेटींत टाळ. यामागे कारण आहे. अमेरिकेत, जिथे याला हेझिंग म्हणतात, २००८ मध्ये एलिझाबेथ ॲलन आणि मेरी मॅडन या संशोधकांनी ५३ कॉलेजांतल्या ११ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली. क्लब, संघ, मंडळं यांत असलेल्यांपैकी ५५ टक्के विद्यार्थ्यांनी अशा गोष्टी अनुभवल्या होत्या. आणि ज्यांनी त्या अनुभवल्या, त्यांतल्या दर दहांपैकी नऊ जणांना आपल्याबरोबर ‘हेझिंग’ झालं असं वाटत नव्हतं. म्हणजे कृत्य विचारलं तर ‘हो, केलं’ आणि शब्द विचारला तर ‘छे!’ तेव्हा तू शब्द विचारू नकोस, त्या रात्री काय काय घडतं ते विचार.

‘याच्याशिवाय टीम बांधली जात नाही’ हे मत तुझे मित्र मनापासून मांडत असतील आणि म्हणूनच ते खोडायला कठीण आहे. त्यांना खरंच आठवतं की त्या रात्रीनंतर मंडळ आपलं वाटायला लागलं. यामागची यंत्रणा फार जुनी नि ओळखीची आहे. १९५९ मध्ये एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश मिळवायला काहींना खूप लाजवणारी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना कुठलीच नाही. मग सगळ्यांना गटातली एकच चर्चा ऐकवली, मुद्दाम रटाळ केलेली. जिला सर्वांत जास्त लाजावं लागलं होतं, तिला ती चर्चा सर्वांत चांगली वाटली. इतकं सोसलं म्हणजे मिळालं तेही मोलाचंच असणार, अशी समजूत मन स्वतःची घालतं. बारशानंतर मंडळ प्रिय वाटतं त्यात याचा वाटा मोठा आहे. आणि जो मुलगा ती समजूत घालू शकला नाही तो निघून गेला, त्यामुळे उरलेल्यांमध्ये ‘सगळ्यांना आवडलं’ हेच खरं ठरलं. गेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. तू ठेव. मागच्या तीन वर्षांत ऑडिशनमधून घेतलेली मुलं किती आणि डिसेंबरपर्यंत टिकलेली किती, हे हजेरीच्या वहीतून काढ. हा आकडा तुझ्या हातात असलेला सर्वांत उपयोगी कागद ठरेल.

नाटकापुरतं आणखी एक सांगते. ज्याच्या उच्चारावर तीस जण एकदा हसले आहेत, तो पुढे प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून बोलतो. त्याचा आवाज अर्धा घशात राहतो, क्यू (आपलं वाक्य सुरू करायची खूण) उशिरा उचलला जातो, चुकलं की तो थिजतो. दिग्दर्शक मग म्हणतो, ‘मोकळा हो.’ ज्या खोलीत त्याला बांधलं, त्याच खोलीत.

तिसरं गृहीतक तुझं स्वतःचं आहे. बारसं सगळ्यांना हवंय आणि तू एकटी विरोधात आहेस, असं तू धरून चालली आहेस. तुझ्या पत्रात याला पुरावा एकच आहे: कोअर टीमसमोर तू हळूच बोललीस आणि कुणीतरी उत्तर दिलं. बाकीचे गप्प होते ना? १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एका खोलीत बसून प्रश्नावली भरणाऱ्यांच्या खोलीत धूर सोडला. एकटा माणूस असला तर ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी दोन जण काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बसवले, तर फक्त १० टक्क्यांनी. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत होता की आग नसावी. तुमच्या हॉलमध्येही तेच चाललं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून हा विषय पहिल्यांदा सगळ्यांसमोर काढू नकोस. सगळ्यांसमोर प्रत्येकाला चेहरा सांभाळायचा असतो.

एकेकट्याला भेट. पुढच्या आठ दिवसांत आठ ते दहा जण, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. तालमीच्या हॉलमध्ये भेटू नकोस, कारण तिथे ती रात्र घडते. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. मजकुराचा स्क्रीनशॉट तासाभरात फिरतो आणि चर्चा व्हायच्या आधी बाजू पडतात. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी एसवायची मुलं, ज्यांचं मागच्या वर्षी बारसं झालं, कारण त्यांना ते ताजं आठवतं आणि यंदा नावं ठेवायची पाळी त्यांच्यावर येणार आहे. मग बॅकस्टेजवाले: प्रकाश, संगीत, नेपथ्य. ते बाजूला उभं राहून सगळं बघतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. मग तुझ्या बरोबरीचे. सर्वांत ठाम समर्थक शेवटी, पण बैठकीच्या आधी नक्की. त्याला आपल्यामागे कारस्थान झालं असं वाटू देऊ नकोस.

‘तुला त्रास झाला का?’ असं विचारलंस तर उत्तर ‘नाही’ येईल. हो म्हणणं म्हणजे आपण कच्चे असल्याचं कबूल करणं, असं मुलांना वाटतं. त्याऐवजी असं विचार: ‘त्या रात्री एखादी गोष्ट नको वाटत होती, तरी केलीस, असं झालं का?’ ‘दुसऱ्या दिवशी घरी काय सांगितलंस? काय सांगितलं नाहीस?’ ‘यंदा तुझी धाकटी बहीण ऑडिशन देऊन आत आली असती, तर त्या रात्रीतलं काय ठेवलं असतंस आणि काय काढलं असतंस?’ दुसऱ्या प्रश्नावर लोक थांबतात. जे घरी सांगता आलं नाही ते काय होतं, याचं उत्तर त्यांना स्वतःलाच ऐकू येतं. तू त्यावर भाष्य करू नकोस. उत्तर आल्यावर दहा सेकंद गप्प बस. पुष्कळदा खरं वाक्य त्या शांततेनंतर येतं.

एक काळजी मात्र आधीच घे. असं विचारल्यावर कुणी तुला अपेक्षेपेक्षा जास्त सांगेल. म्हणून बोलणं सुरू होण्यापूर्वीच सांग, ‘तुझं नाव मी कुठे घेणार नाही, पण कुणाला धोका आहे असं कळलं तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही.’ अंगाला हात लावणं, कपड्यांवरून काही करायला लावणं असं समोर आलं, तर तो विषय मंडळाच्या चर्चेचा राहत नाही. तो लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जातो आणि जायचं की नाही यात त्या व्यक्तीला सोबत करणं एवढंच तुझं काम. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर त्याला एकटं सोडू नकोस, विश्वासातल्या मोठ्या माणसाला तेव्हाच बोलाव. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत असते. तातडीच्या वेळी ११२.

आता तुझा हक्काचा प्रश्न. तू नावं ठेवलीस म्हणून तुला बोलता येणार नाही, हे बरोबर वाटत नाही. उलट तू ते वगळून बोललीस तर मात्र कुणी ऐकणार नाही, आणि न ऐकण्याचा त्यांना हक्क असेल. प्रत्येक भेटीत पहिलं वाक्य तुझ्याबद्दलचं असू दे: ‘मागच्या वर्षी मी दोघांची नावं ठेवली. तेव्हा हसले. त्यातला एक गेला आणि मी त्याला फोनसुद्धा केला नाही.’ एवढंच. रडगाणं नको, स्वतःला फार कोसणं नको, नाहीतर समोरचा तुझी समजूत काढत बसेल आणि विषय तुझ्यावर जाईल. तू स्वतःचं सांगितलंस की समोरच्यालाही स्वतःचं सांगायला जागा होते.

त्या मुलाशीही बोलायला हवं, आणि हे भेटींच्या आधी कर. फोनपेक्षा मेसेज बरा. त्याला उत्तर द्यायचं की नाही आणि कधी, हे त्याच्या हातात राहतं. काय घडलं ते नेमकं लिही, तू ठेवलेलं नाव पुन्हा न लिहिता: ‘मागच्या वर्षी त्या रात्री मी तुझ्या बोलण्यावरून तुला नाव ठेवलं आणि सगळ्यांना हसवलं. ते चूक होतं. तू यायचा बंद झालास तेव्हा मी विचारलं नाही, तीही चूक होती. यंदा हे होऊ नये म्हणून मी प्रयत्न करतेय. तुला याबद्दल कॉलेजकडे तक्रार करायची असेल तर ती माझ्याविरुद्ध असली तरी मी खरं तेच सांगेन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ त्यात ‘पण’ नको, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नको, ‘मला माफ करशील ना’ नको. परत ये असं आमंत्रण नको. आणि बैठकीत येऊन त्यानं आपली कहाणी सांगावी, अशी अपेक्षा तर मुळीच नको. त्याचं दुःख तुमच्या सुधारणेसाठी वापरायला तो बांधलेला नाही.

भेटी झाल्या की बैठक. बारशाच्या किमान दहा दिवस आधी, तालीम नसलेल्या दिवशी, पाऊण तासाची. कोअर टीम आणि सगळे जुने मेंबर असू देत, यंदाची नवी मुलं नकोत. आपल्याला आत घ्यायचं की नाही हे ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासमोर नवी मुलं खरं बोलूच शकत नाहीत. पासआउट मेंबरांना या बैठकीत बोलावू नकोस. मंडळ त्यांचं होतं, आता चालवता तुम्ही. गोल बसा, मोबाइल ज्याचा त्याच्याजवळ. तुझ्याआधी, एकेकट्यानं बोलताना ज्यांनी स्वतःहून तयारी दाखवली त्यांच्यापैकी एक-दोघांना बोलू दे, शक्यतो एसवायच्या.

बैठकीत काय मतदानाला आहे आणि काय नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत स्वच्छ सांग. बारसं थांबवायचं की नाही, यावर हात वर करायचे नाहीत. कुणाला लाजवायचं की नाही हे बहुमतानं ठरत नाही, आणि कायद्यानं जे बंद आहे त्यावर मंडळाला मत देता येत नाही. इथे कायदा आणायला हरकत नाही, पण शांतपणे, दोन वाक्यांत. त्या जागी काय करायचं हे मात्र सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे. ही मर्यादा लपवून ‘मोकळी चर्चा’ म्हटलंस आणि शेवटी निर्णय तूच दिलास, तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल. पुढची कुठलीच चर्चा मग मोकळी होणार नाही.

मग फळ्यावर ती रात्र तुकड्यातुकड्यांनी लिही. दिवे घालवणं. मोबाइल घेणं. ओळीत उभं करणं. नाव. पहाटेपर्यंत जागवणं. जुन्या मेंबरांचं येणं. मंडळाचा इतिहास सांगणं. शेवटची मिठी, ‘आता तू आपला’. प्रत्येकापुढे विचारा: यातून आपल्याला काय हवं असतं? आणि ते कुणालाही खाली न दाखवता मिळेल का? बघशील, तीन-चार गोष्टींपुढे कुणालाच काही लिहिता येणार नाही. मोबाइल का घ्यायचे, तर शूटिंग होऊ नये म्हणून. शूटिंग का नको? याचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असेल. उरलेल्या गोष्टींपुढे चांगली कारणं निघतील: एकत्र रात्र काढणं, मंडळाची गोष्ट कळणं, आपलं म्हणून घेतलं जाणं. ती कारणं खरी आहेत, ती टाकू नका.

याच टप्प्यावर तडजोडीचा प्रस्ताव येईल. ‘करू, पण हलकंफुलकं. ज्याला नको त्यानं नाही म्हणावं.’ हा ऐकायला समंजस वाटतो आणि बहुतेक मंडळं इथेच घसरतात. नवा मुलगा नाही म्हणू शकत नाही. भूमिका कोण वाटणार, ते समोरच उभे आहेत. सगळे हो म्हणत असताना एकट्यानं नाही म्हणायचं, तेही पहिल्याच महिन्यात. त्याचं ‘हो’ हे हो नसतं. शिवाय हलकं किती हलकं हे दरवर्षी नवे सिनियर ठरवतात आणि मागच्यापेक्षा थोडं जास्त करायची चढाओढ लागते. तुमच्या बारशालाही कधीतरी कुणीतरी हौसेनं, हलक्यानंच सुरुवात केली असेल. एक कसोटी मात्र सोपी आहे, ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव: हे सिनियर स्वतः, आधी, इन-चार्ज मॅडमसमोर करतील का? तिन्हींना हो असेल तर ठेवा.

‘आम्ही सोसलं, आमच्या पाळीला बंद?’ हा राग कुणीतरी बोलून दाखवेल. त्याला उडवून लावू नकोस, तो खोलीतला सर्वांत प्रामाणिक आवाज असू शकतो. त्याला म्हण, ‘तुझ्या बाबतीत ते थांबायला हवं होतं. थांबवायला कुणी नव्हतं.’ एवढंच म्हण आणि थांब.

बदली म्हणून काय, हे तुम्हीच ठरवाल, पण रिकामी जागा ठेवलीत तर बारसं तिथेच परत येईल. दिवसा किंवा संध्याकाळी, रात्री दहाच्या आत संपणारा कार्यक्रम असू दे. आवाजाचे, हालचालींचे, विश्वासाचे व्यायाम सगळ्यांनी एकत्र करा आणि प्रत्येक व्यायाम आधी सिनियरांनी करून दाखवा, चुकांसकट. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नव्या मुलाला खरी जबाबदारी द्या. एका प्रवेशाचे प्रकाशाचे क्यू, प्रॉपर्टीची (रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंची) यादी, प्रॉम्प्टिंग. जे चुकलं तर नाटकाला जाणवेल असं काहीतरी. आपलेपणा इथून फार लवकर येतो. आयोगाच्या नियमांत दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी असावा असं म्हटलंय. तुमच्यासारख्या लहान मंडळात दोघांमागे एक सहज जमेल, मात्र तो भूमिका वाटणाऱ्यांपैकी नसावा. त्यानं आठव्या दिवशी आणि महिन्यानं आपल्या दोघांना वेगवेगळं विचारावं, कसं चाललंय. जुन्या मेंबरांना रनथ्रू, म्हणजे सलग तालीम, बघायला बोलवा, उजेडात. आणि ऑडिशनमधून घेतलेल्यांना आजच लेखी कळवा, की मंडळात येण्यासाठी कुठलीही परीक्षा, रात्र किंवा नाव नाही, आणि कुणी तसं म्हटलं तर कुणाला सांगायचं. त्यांनी बारशाच्या गोष्टी आधीच ऐकल्या असतील आणि तीन आठवडे ते मनात घाबरत असतील.

राहिला तक्रारीचा प्रश्न. चर्चा किंवा तक्रार, यातलं एक निवडायचंय असं तू धरलंयस. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळच्या आहेत. जे अजून घडायचंय ते चर्चेनं थांबू शकतं. जे घडलंय किंवा घडणारच असं दिसतंय, तिथे चर्चा हे तक्रार टाळायचं साधन होता कामा नये. म्हणून स्वतःला एक तारीख घालून घे: बारशाच्या सात दिवस आधी. त्या दिवशीपर्यंत ते रद्द झाल्याचं सगळ्यांच्या ग्रुपवर लेखी आलं नसेल, किंवा ‘हॉलवर नको, दुसरीकडे करू’ अशी कुजबुज कानावर आली, तर इन-चार्ज शिक्षकांना आणि रॅगिंगविरोधी समितीला लेखी कळव. तू हे करणार आहेस हे बैठकीतच सांगून ठेव, मागून केलं असं कुणी म्हणायला नको. नवी मुलं संकटात आहेत असं कळलं तर तारखेची वाट बघायची नाही.

इन-चार्जना तर मी म्हणेन, पहिल्या आठवड्यातच विश्वासात घे. तक्रार म्हणून नव्हे, ‘मी हे बदलतेय, तुम्ही पाठीशी राहा’ म्हणून. मात्र त्यांच्यावर काही बंधनं आहेत हे समजून जा. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखांना राज्याच्या कायद्याप्रमाणे सात दिवसांत चौकशी करावी लागते आणि तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. टाळाटाळ केली तर त्यांनीच गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. आयोगाचे नियम तर, त्यात फौजदारी गुन्हा दिसत असेल तर रॅगिंगची माहिती मिळाल्यावर २४ तासांत एफआयआर करायला सांगतात. वरून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

मंडळ बंद पडेल ही तुझी भीती मी समजू शकते. पण नियम उलट्या बाजूनं वाच. कोणी नेमकं काय केलं हे ठरवता आलं नाही तर आयोगाच्या नियमांत सामूहिक शिक्षेची तरतूद आहे, आणि अंधारात तीस जणांनी मिळून केलेल्या गोष्टीत ते ठरवणं अवघडच. वेळेआधी स्वतःहून थांबवलेल्या मंडळाची गोष्ट वेगळी आणि कुणीतरी कोसळल्यावर उघड झालेल्या मंडळाची वेगळी. सचिव म्हणून माहीत असून गप्प राहिलीस, तर प्रश्न सर्वांत आधी तुला विचारले जातील. आणि विषय निघाला की काही जण जुने मेसेज, फोटो पुसायला लागतील. तू तुझ्या फोनमधलं काही पुसू नकोस, तुझं स्वतःचं लिहिलेलंही नाही. तो मुलगा उद्या तक्रार करायला उभा राहिला, तर ते त्याच्या उपयोगाचं आहे.

आणि मागच्या वर्षांतली ती नावं अजून हॉलमध्ये फिरत असतील, बारसं रद्द झाल्यानं ती आपोआप जाणार नाहीत. बैठकीच्या शेवटी प्रत्येक जुन्या मेंबरला विचारा, तुला काय म्हणायचं. कुणाला पडलेलं नाव आवडत असेल, तर तेही त्यानं स्वतः सांगू दे. तुलाही विचारतील. तुझ्या बारशात तुझं काय नाव पडलं होतं ते तू पत्रात लिहिलं नाहीस. यंदापासून ऑडिशनच्या फॉर्मवर एक ओळ वाढव: ‘तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल?’ कुणी ती रिकामी सोडली तर फॉर्मवरचंच नाव, नीट विचारून, नीट उच्चारून.